पहिली कॅरिबियन क्रूझ: आधी बेटं ठरवा, मग बोट

रानजाई

जानेवारीत आम्ही दोघं सात रात्रींच्या कॅरिबियन क्रूझला जाऊन आलो. दोघांचीही ही पहिलीच क्रूझ. मुलगा न्यू जर्सीला असतो, त्याच्याकडे तीन महिने राहणार होतो, आणि त्यातच लग्नाला तीस वर्षं पूर्ण होत होती. शोधायला बसलो तेव्हा हाती लागली ती सगळी माहिती बोटीची. घसरगुंड्या किती, उपाहारगृहं किती, रात्री कार्यक्रम कुठले. बोट जाते कुठे, याबद्दल जेमतेम एक ओळ. आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली आणि त्याचा इतका फायदा झाला की कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहितेय.

आमची सुरुवात झाली बार्बाडोसपासून. भारतीय क्रिकेट संघाच्या १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्याच्या गोष्टी सासऱ्यांकडून ऐकत हे मोठे झाले. त्यामुळे कॅरिबियन म्हटलं की यांच्या डोळ्यांपुढे निळं पाणी येत नाही, ब्रिजटाउनचं मैदान येतं. मग कळलं की मायामीहून सुटणाऱ्या सात दिवसांच्या बोटी सहसा बार्बाडोसपर्यंत जातच नाहीत, अंतरच तेवढं आहे. ढोबळ तीन मार्ग असतात. पश्चिमेकडचा मेक्सिकोचं कोझुमेल, ग्रँड केमन, जमैका असा, पूर्वेकडचा सेंट थॉमस, सिंट मार्टेन आणि बऱ्याचदा बहामामधलं कंपनीचं स्वतःचं एखादं बेट, आणि दक्षिणेचा. सात दिवसांत दक्षिणेचा मार्ग करायचा तर पोर्टो रिकोतल्या सॅन हुआनहून निघणारी बोट सोयीची. आम्ही ती घेतली. एक दिवस समुद्रात, मग बार्बाडोस, सेंट लुशिया, अँटिग्वा, सिंट मार्टेन, सेंट थॉमस आणि परत सॅन हुआन. बोट जुनी होती, मधल्या आकाराची. घसरगुंडी नव्हती. पाच दिवस रोज सकाळी नवं बंदर होतं.

सॅन हुआनला एक दिवस आधी पोचा. विमानाला उशीर झाला तर बोट थांबत नाही हे एक कारण, आणि ते गाव बघण्यासारखं आहे हे दुसरं. जुन्या गावातल्या रस्त्यांना निळसर दगडी विटा आहेत, पावसाने ओल्या झाल्या की तो निळा रंग उठून दिसतो. टोकाला एल मोरोचा किल्ला. स्पॅनिशांनी १५३९ मध्ये बांधायला घेतला. तटावर उभं राहिलं की खाली लाटा खडकावर फुटत असतात. मुरुड-जंजिरा, सिंधुदुर्ग पाहिलेल्या माणसाला तिथे अगदी ओळखीचं वाटतं. रात्री झाडाझाडातून ‘कोकी, कोकी’ असा आवाज येत राहतो. मी पक्षी समजत होते, तो नखाएवढा बेडूक निघाला.

आता बार्बाडोस. बंदरापासून ब्रिजटाउनचं ते मैदान, केन्सिंग्टन ओव्हल, जवळ आहे, आम्ही चालत गेलो. बाहेर वेस्ट इंडिजच्या गॅरी सोबर्सचा पुतळा आहे. याच मैदानावर १९७१ मध्ये दिलीप सरदेसाईंनी दीडशे धावा केल्या होत्या. मडगावचा माणूस, संघ अडचणीत असताना सोलकरला बरोबर घेऊन उभा राहिला. त्याच कसोटीच्या दुसऱ्या डावात गावसकर नाबाद ११७. चार कसोटीत त्यांच्या ७७४ धावा झाल्या, तो हा दौरा. १९६२ मध्ये नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला चेंडू लागला तोही इथेच, आणि त्यांच्यासाठी रक्त द्यायला वेस्ट इंडिजचे कर्णधार वॉरेल स्वतः पुढे आले होते. मग २९ जून २०२४, टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना, तोही इथेच. त्या रात्री आमच्या सोसायटीत पहाटेपर्यंत फटाके वाजत होते. सात धावांनी जिंकलो आणि सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा तो झेल घेतला.

दारावर एक वयस्कर रखवालदार होते. कुठून आलात म्हणाले. मुंबईजवळून म्हटल्यावर लगेच, “गावसकरांच्या गावचे?” त्यांनी आम्हाला दहा मिनिटं आत सोडलं. हे सीमारेषेपाशी जाऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत. मी फोटो काढला तोही पाठमोरा. आमच्या सबंध प्रवासातला माझा सगळ्यात आवडता फोटो तोच आहे.

सेंट लुशियाबद्दल सावकाश लिहीन. काही विचारायचं असेल तर विचारा.

कोकमसरबत

फोटो डोळ्यांपुढे आला! दोन प्रश्न. आम्ही पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूण चालतं. काय खाल्लंत? आणि मला एसटीत घाट लागतो, तर बोट लागेल का?

रानजाई

कोकमसरबत, जेवणाचं सांगते. पहिल्याच रात्री मुख्य जेवणघरात मोठ्या वाढप्याला सांगून ठेवा की आम्ही शाकाहारी, शक्य असेल तर भारतीय जेवण द्या. आदल्या रात्री सांगितलं की दुसऱ्या दिवशी वरण, एखादी भाजी, भात, पोळीसारखं काहीतरी मिळायचं. आपल्या घरचं नव्हे, पण गरम आणि मनापासून केलेलं. मासे-अंडं चालत नाही हे स्पष्ट शब्दांत सांगा, कारण ‘शाकाहारी’ म्हटल्यावर मासा चालतो असं काहींना वाटतं. घरचे लाडू-चकल्या नेऊ नका, घरी केलेला खाऊ बोटीवर सहसा चालत नाही. बंद पाकिटातलं चालतं. विजेची किटली, इस्त्री, पाणी तापवायची कांडी हे चढतानाच काढून ठेवतात.

बोट लागण्याचं म्हणाल, तर पहिली रात्र आणि समुद्रातला दिवस मला जड गेला. सॅन हुआनहून बार्बाडोसकडे जाताना बोट आग्नेयेला जाते, आणि त्या दिवसांत तिथे ईशान्य-पूर्वेचे व्यापारी वारे जोरात असतात, म्हणजे लाटा समोरून. खोली खालच्या मजल्यावर आणि बोटीच्या मध्यावर घ्या, तिथे हालचाल सगळ्यात कमी जाणवते. आमची सगळ्यात पुढची होती, स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली. पुढच्या वेळी घेणार नाही. गोळी डॉक्टरांना विचारून बरोबर ठेवा आणि मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्या, नंतर फारसा उपयोग होत नाही. मला आल्याचे तुकडे आणि डेकवर क्षितिजाकडे बघत बसणं याने बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवले, त्यानंतर काही झालं नाही.

आणखी एक, हे फार महत्त्वाचं. बंदरावर मोठ्या बॅगा घेतात आणि त्या खोलीपाशी संध्याकाळपर्यंत येतात. आमची रात्री साडेनऊला आली. यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्या बॅगेत होत्या. चार तास माझ्या जिवाला घोर. औषधं, पासपोर्ट, एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा.

सोनटक्का

वाचतेय, सेंट लुशिया लवकर येऊ द्या. व्हिसाचं कुणी सांगेल का? आम्ही टेक्ससमध्ये, दोघंही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलाय, पण आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत राहायच्या परवानगीच्या नोंदीची, मुदत आहे. कोझुमेलची क्रूझ चालेल असं एक मैत्रीण म्हणाली. मला धाकधूक वाटतेय.

पाऊलवाट

सोनटक्का, थांबा, पैसे भरू नका. तुमची मैत्रीण ज्या सवलतीबद्दल बोलतेय ती खरी आहे, पण तिला कुंपण आहे. शिक्का संपलेला असताना तीस दिवसांच्या आत परत येता येतं, पण एच-१बीवाल्यांना ते फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरतं. आजूबाजूच्या बेटांची सूट विद्यार्थी आणि एक्सचेंजवाल्यांना, म्हणजे एफ आणि जे व्हिसाला आहे, तीही क्यूबा वगळून. बोट कोझुमेलबरोबर जमैका, केमन किंवा बहामाला टेकली की तुम्ही त्या सवलतीच्या बाहेर गेलात. केवळ मेक्सिकोला जाणारी बोट असली तरी वादळामुळे बंदर बदलू शकतं, ते तुमच्या हातात नसतं. शिक्का संपलेला असेल तर माझ्या मते क्रूझ नकोच. आधी शिक्का, मग क्रूझ. आणि हे वकिलाला विचारून घ्या.

भारतातून येणाऱ्या आईवडिलांसाठी: दहा वर्षांचा व्हिसा जुन्या पासपोर्टमध्ये असेल तर दोन्ही पासपोर्ट बरोबर हवेत. जुना घरी ठेवून बंदरावर आलेलं एक जोडपं मी पाहिलंय. त्यांना चढू दिलं नाही. त्या मावशींचा चेहरा अजून आठवतो. शिवाय बोट ज्या ज्या बेटाला जाणार त्याचा भारतीय पासपोर्टसाठीचा नियम वेगवेगळा तपासा. मार्टिनिक, ग्वाडेलूप ही फ्रान्सची बेटं असली तरी शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या सामाईक व्हिसात, येत नाहीत, त्यामुळे शेंगेन व्हिसा आहे म्हणून निश्चिंत राहू नका.

सोनटक्का

पाऊलवाट, किती आभार मानू! आज रात्री पैसे भरणार होतो.

गलबत

रानजाईताई, तुमचं वाचून राहवलं नाही. मी पेडण्याचा. अकरा वर्षं बोटीवर होतो, आधी भांडी, मग वाढपी, शेवटी जेवणघराचा मुख्य. आमच्याकडे बोटीवर जाणाऱ्याला तारवटी म्हणतात. वाड्यावर आमच्या पिढीतले पुष्कळ जण बोटीवर होते, माझे काकाही. तुम्हाला वरण-भात वाढणारा कोण होता ते विचारलंत का? सावंतवाडी, वेंगुर्ला, सासष्टी, बार्देश, कुठला तरी निघतोच.

बोटीची दुसरी बाजू सांगतो, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याला ती दिसत नाही. पाण्याच्या रेषेच्या आसपास एक लांबच लांब रस्ता असतो, बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. अमेरिकेच्या महामार्गावरून आम्ही त्याला आय-९५ म्हणायचो. सामान, कपडे, भाजीपाला, माणसं, सगळं त्याच्यावरून पळत असतं. आमच्या खोल्या तिथेच, दोघांत एक, खिडकी नाही. करार सात-आठ महिन्यांचा. त्या काळात रविवार नाही, गणपती नाही. फिरायला मिळतं हे खरं, पण बंदरात दोन-तीन तास, आणि त्या वेळात घरी फोन करायचा की बेट बघायचं? आम्ही फोन करायचो. मी बार्बाडोसला साठेक वेळा गेलो असेन, पण केन्सिंग्टन ओव्हल आत जाऊन कधी पाहिलं नाही.

सगळ्यात कठीण दिवस तो, ज्या दिवशी तुम्ही चढता. सकाळी तीन हजार माणसं उतरतात, दुपारी दुसरी तीन हजार चढतात. मधल्या काही तासांत प्रत्येक खोली धुऊन-पुसून तयार, आठवडाभराचं धान्य आत, कचरा बाहेर. म्हणून त्या दिवशी बॅग उशिरा आली तर थोडं समजून घ्या. तुमच्या गोळ्यांचं मात्र अगदी बरोबर, औषध हातातच हवं.

आणि सुरक्षेची कवायत टाळू नका. आता ती बरीचशी मोबाइलवर बघता येते, पण आपली जमायची जागा पायांनी जाऊन बघा. आम्हाला ती दर आठवड्याला करावी लागायची आणि आम्ही ती मनापासून करायचो.

रानजाई

गलबत, आमचा वाढपी सावंतवाडीजवळचाच होता! दुसऱ्या रात्री मी यांना म्हटलं, “मीठ जरा कमी आहे”, तर मागून उत्तर आलं, “आणू काय, ताई?” मला एकदम भरून आलं. त्याची मुलगी आठ महिन्यांची होती आणि त्याने तिला प्रत्यक्षात अजून पाहिलं नव्हतं. शेवटच्या रात्री त्याने मोबाइलवर तिचं चालणं दाखवलं. पहिली चार पावलं होती.

तुम्ही साठ वेळा जाऊन मैदान पाहिलं नाहीत हे वाचून हे फार हळहळले. त्यांनी तो फोटो तुम्हाला पाठवायला सांगितलाय. निरोप पाठवते.

रात्रपाळी

एक वेगळा मुद्दा. तिकिटात सगळं आलं असं सांगतात आणि मग रोज माणशी सोळा ते वीस डॉलर टिप आपोआप लावतात. सात दिवसांचे दोघांचे अडीचशे डॉलरच्या आसपास होतात. आम्ही काउंटरवर जाऊन ती काढून टाकली आणि ज्याने चांगली सेवा दिली त्याला हातात पैसे दिले. ते जास्त न्यायाचं वाटतं.

गलबत

रात्रपाळी, तुमचा हेतू चांगला आहे, पण त्याचा परिणाम सांगतो. तुम्ही हातात दिलेत ते ज्यांचे चेहरे तुम्ही पाहिलेत त्यांना. भांडी घासणारा, चादरी धुणारा, पहाटे जेवणघराची फरशी पुसणारा, यांना तुम्ही कधी भेटतच नाही. ती आपोआप लागणारी रक्कम त्यांच्यातही वाटली जाते. मी पहिली दोन वर्षं भांड्यांवरच होतो. आमचा मूळ पगार फार थोडा असायचा, घर चालायचं ते या पैशावर. कंपनीने पगारच पूर्ण द्यायला हवा हे मलाही मान्य आहे, त्यासाठी कंपनीला लिहा, जरूर लिहा. पण तो राग काउंटरवर काढला की तळमजल्यावरच्या माणसाच्या ताटातून जातं.

रात्रपाळी

हे माहीत नव्हतं. पुढच्या वेळी ठेवेन. तरीही जाहिरातीत पूर्ण किंमत दाखवत नाहीत, हे माझं म्हणणं कायम आहे.

एकांडा

लेख आवडला, पण क्रूझ या प्रकाराबद्दलच मला शंका आहे. सकाळी आठला उतरायचं, चारला परत. एवढ्यात बेट काय कळणार? त्याच पैशात एका बेटावर आठवडा राहिलं तर तिथली माणसं भेटतात, तिथल्या लोकांच्या हाती पैसा जातो. एका दिवशी तीन बोटी लागल्या की छोट्या गावाची दैना होते, ती मी सिंट मार्टेनच्या फिलिप्सबर्गला पाहिली आहे.

रानजाई

एकांडा, गर्दीचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. फिलिप्सबर्गला आमच्या दिवशी चार बोटी होत्या. मुख्य रस्त्यावर दागिन्यांच्या दुकानांखेरीज काही दिसेना, म्हणून आम्ही साधी बस धरून फ्रेंच बाजूला मारिगोला गेलो. एवढ्याशा बेटावर दोन देश, १६४८ च्या तहापासून, आणि सीमेवर ना फाटक ना शिपाई. कुणी पासपोर्ट विचारला नाही.

आठ तासांत बेट कळत नाही हेही खरंच. म्हणून आम्ही एका बेटावर एकच गोष्ट करायची असं ठरवलं होतं. आता सेंट लुशियाचं सांगते.

कॅस्ट्रीजच्या बंदराबाहेर स्थानिक चालकांचा थांबा आहे, दर आधी ठरवून मिनीबस घेतली. चालकबाई होत्या, साठीच्या. सूफ्रिएरपर्यंतचा रस्ता म्हणजे निव्वळ घाट, वळणावर वळणं, दोन्हीकडे केळीच्या बागा. मग एका वळणावर ते दोन पिटॉन्स समोर येतात, समुद्रातून सरळ वर उठलेले दोन सुळके. २००४ पासून जागतिक वारसा आहेत. पुढे गंधकाचे झरे. वास वज्रेश्वरीच्या कुंडांचा, पण इथे राखाडी चिखल अंगाला फासून ऊन पाण्यात बसायचं असतं. हे बसले, मी पाय बुडवले.

परतताना चालकबाईंनी विचारलं, भूक लागली का, आणि रस्त्याकडेच्या एका टपरीपाशी थांबवलं. तिथे निखाऱ्यावर काळं पडलेलं एक फळ सोलत होते. आत पांढराशुभ्र मऊ गर. मी बघितलं आणि ओरडलेच, “अहो, नीरफणस!” माझं आजोळ मालवणचं. आजी त्याचे काप तांदळाच्या पिठीत घोळवून तव्यावर करायची. इथे तो सालीसकट भाजून लोणी-मीठ लावून खातात. चालकबाईंना मी कापांचं सांगितलं, त्यांनी मला सांगितलं की त्यांची आजी तो उकडून खारवलेल्या माशाबरोबर द्यायची. तो इथला नव्हेच. १७९३ मध्ये ताहितीहून त्याची रोपं बोटीने आणली, उसाच्या मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोटभर खाणं मिळावं म्हणून. हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. म्हणाल्या, तेव्हाच्या लोकांना तो आवडायचा नाही, आम्हाला आता त्याच्याशिवाय करमत नाही.

त्या टपरीवर आम्ही अर्धा तास होतो. आठवडाभर राहिलो असतो तर आणखी काही कळलं असतं, नक्कीच. पण आम्हाला पाच बेटं बघायची ही एकच संधी होती, आणि त्या अर्ध्या तासाबद्दल मी समाधानी आहे.

एकांडा

नीरफणसाचं वाचून माझं म्हणणं थोडं मऊ करतो. पण राहून बघा एकदा.

हिमसागर

घड्याळाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. सॅन हुआनच्या मार्गावर ही अडचण नाही, तिथे सगळीकडे एकच वेळ. पण हिवाळ्यात मायामीहून सेंट थॉमस, सिंट मार्टेनला जाल तर बेट मायामीच्या एक तास पुढे असतं. काही बोटी घड्याळ बदलतात, काही नाही. मोबाइल मात्र किनाऱ्यावरचं नेटवर्क मिळालं की आपोआप बदलतो. परत चढायची वेळ बोटीच्या घड्याळाप्रमाणे असते. साधं हातातलं घड्याळ बोटीच्या वेळेवर लावून ठेवा. दुसरं, जून ते नोव्हेंबर वादळांचा मोसम. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये दर उतरतात ते उगाच नाही. त्या वेळी गेलात तर बार्बाडोसऐवजी भलतंच बेट पाहायची तयारी ठेवा. आणि विमा घ्या, त्यात आजारी माणसाला बेटावरून विमानाने हलवण्याचा खर्च धरलेला आहे का ते बघा. बोटीवरचा डॉक्टर चांगला असतो, पण बिल मोठं येतं.

कोकमसरबत

आमचं ठरलं! सॅन हुआनहून, मार्चमध्ये, मधल्या मजल्यावरची मधली खोली. सासूबाईही येतायत, वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखतात. लहान होडीत बसून उतरावं लागतं का? आणि त्यांनाही क्रिकेटचं वेड आहे.

रानजाई

कोकमसरबत, होडीची भानगड ग्रँड केमनसारख्या ठिकाणी. आमच्या पाचही बेटांवर बोट धक्क्याला लागली होती, शिडीवरून थेट खाली. व्हीलचेअरसाठी कंपनीला आत्ताच कळवून ठेवा. सासूबाईंना अँटिग्वाला सेंट जॉन्सच्या जुन्या मैदानावर जरूर न्या, बंदरापासून फार लांब नाही. वेस्ट इंडिजच्या ब्रायन लाराच्या ३७५ आणि ४०० धावा तिथल्याच, आणि २००२ मध्ये मोडका जबडा बांधून कुंबळेने गोलंदाजी केली तीही तिथेच. परतताना पोर्टो रिकोच्या विमानतळावर बॅगा शेतीमालासाठी वेगळ्या तपासतात, आंबे घेऊ नका, काढून घेतील.

मालवणी कापांची कृती सासूबाईंना येत असेल तर विचारून ठेवा. त्या चालकबाईंना पाठवीन असं कबूल केलंय आणि माझ्याकडे पिठीचं प्रमाण नाही.